डायरीतले पाच वेढे

(वसंता मिस्त्री, मोटर वाइंडिंगवाले, यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं.)

माहं मूळ गाव पिंपळगाव राजा. जानेफळले येऊन आता अडतीस वर्सं झाले, दुकान इथंच, घर इथंच, लेकीचं लगनही इथूनच केलं, तरी कोनी गाव इचारलं का तोंडातून पिंपळगावच निघते, काय करता. बाप सालदार होता, म्हंजे एका पाटलाच्या वावरात वर्साच्या बोलीवर राबे, माय निंदाले जाये. मी नववीत दोनदा आपटलो. बाप म्हने, लेका तुह्या डोक्यात अक्षर काही थांबत नाई, हात तरी चालव, आन मले मलकापूरले खलील उस्तादच्या दुकानात नेऊन बसवलं. सतरा वर्साचा घोडा होतो मी तवा. चार दिवस रुसून बसलो, कारन मले कंडक्टर व्हाचं होतं, यष्टीत फुकट हिंडाले भेटन म्हून. ते लिवू नका ताई, त्याचा इथी काही संबंध नाई. बरं लिवा, राहू द्या, पुढचं जे सांगनार हाय त्याच्यापुढं हे काय हाय.

उस्तादचं दुकान मोटर भराचं. मोटर भरनं म्हंजे काय ते सांगतो, नाईतर वाचनाऱ्याले काहीच समजाचं नाई. इहिरीवरची मोटर जळते ना, लाइट कमीजास्त झाली म्हून जळते, कधी कोरडी चालली म्हून जळते, तर तिच्या पोटात तांब्याच्या तारीचे वेढे असतात, ते जळेल वेढे काढाचे, खाचीत नवा कागद बसवाचा, नव्या तारीचे वेढे पाडून भराचे, वार्निश माराचं, वाळवाचं. यातलं सगळं कोनीही शिकते. खरी गोष्ट एकच, कोनत्या मोटरीत किती वेढे. दोन-चार वेढ्यानं मोटर जगते आन दोन-चार वेढ्यानं मरते. कमी भरले तर पयले दिवस मोटर अशी पळते का मालक खुश, पानी धो धो, पन आतून ती तापत राह्यते, तापत राह्यते, आन आठ-पंधरा दिवसांत धूर. हे ध्यानात ठेवजा.

तर तो आकडा मिस्त्रीच्या डायरीत असते. उस्तादची डायरी काळ्या पुठ्ठ्याची होती, अर्धी उर्दूत, अर्धी आपल्या आकड्यात. आन आमच्या लाइनीत तवा एक रीत होती, काही काही दुकानात आजही हाय, का डायरीत खरा आकडा लिवाचाच नाई. कारन कारागीर डायरी उतरवून पळून जाये आन समोरच दुकान टाके. म्हून कोनी चार कमी लिवे, कोनी सहा जास्त लिवे, ज्याची त्याची चाबी, ते फक्त त्याच्या डोक्यात. वेढे पाडाचं काम उस्ताद सोता करे, आमी नुसते खाचीत भरू. मी त्याच्यापाशी सहा वर्सं राह्यलो, त्याची डायरी चोरून चोरून सगळी उतरवली, आन मनात काय खुश, आपन उस्तादले फसवलं. ज्या दिवशी मी निघालो, तो यष्टी स्टँडवर आला, मले चा पाजला, आन यष्टी हालाच्या वक्ती खिडकीपाशी येऊन म्हने, बेटा वसंता, हर आँकडे में पाँच मिला लेना. एवढंच बोलला आन गेला. म्हंजे मी चोरलं ते त्याले पयल्या दिवसापासून मालूम होतं, आन तरी त्यानं चाबी देली. मोताळ्यापर्यंत मी यष्टीत रडत आलो ताई. चोरालेही त्यानं चाबी देली, हे मी तवा इसरनार नाई म्हनलो होतो. अन इसरलो.

इथी जानेफळात दुकान टाकलं, नाव झालं. वसंता मिस्त्रीनं भरेल मोटर म्हंजे पाच वर्सं पाह्याचं काम नाई. मीही माही डायरी तशीच लिवत गेलो, पाच कमी. बायकोलेही चाबी सांगतली नाई, आता बोला.

मंग ह्या आपल्या इंगळे मॅडम. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झाल्या आन त्याहीनं हे लोकविद्यापीठ काढलं. फी नाई, परीक्षा नाई, डिगरी नाई. लोक हासले, म्हने तीन दऱ्या आन एक फळा, झालं इद्यापीठ. नियम एकच, ज्याले जे येते ते त्यानं बाकीच्याले शिकवाचं, आन हातचं राखून ठेवाचं नाई. एक आजी गोधडी शिकवे, एक तलाठ्याच्या हाताखाली राह्येल मानूस सातबारा वाचाले शिकवे. एक दिवस मॅडम माह्या दुकानावर आल्या, म्हनल्या वसंता भाऊ, तुमी मोटर शिकवा. मी म्हनलं मॅडम, मी नववी नापास. त्या म्हनल्या, मोटर तर पास हाय ना. मी हो म्हनून बसलो.

वर्ग भरवनं म्हंजे सोपी गोष्ट नाई बरं. पयल्या दिवशी दोन पोट्टे आले, ते पन मोबाइल चार्ज कराले. मी म्हनलं झालं, इज्जत गेली. तवा मॅडम म्हने बायाइले इचारू. मी म्हनलं बाया मोटर भरतीन? मॅडमनं मले असं पाह्यलं का मी चपला घालून निघालोच. मंग आमी दोघं घरोघर हिंडलो, या दारी चा, त्या दारी नुसतं पानी, एका दारी तर सासऱ्यानं आमाले ओट्यावरूनच वापस लावलं. करता करता अकरा बाया झाल्या. वेळ ठेवली दुपारी चार, कामावरून याच्या आन सैपाकाच्या मधातली, बाजाराचा दिवस सोडून. भंगारवाल्याकून मी सहा मेलेल्या मोटरी आनल्या, सरावाले. त्या चालवून पाह्याचा सवालच नव्हता, नुसतं उकलाचं आन भराचं. आन काय हात ताई त्या बायांचे! जन्मभर शेवया केलेले हात, त्याहीले तार काय जड जाते. माह्या दुकानातला कारागीर दोन वर्सात जे शिकला नाई ते त्याहीनं दोन महिन्यात उचललं. मले आनंद व्हाले पाह्यजे होता. झालाही. पन भेवही वाटलं, खोटं काऊन बोलू. म्हनलं या अकरा बाया उद्या अकरा दुकानं टाकतीन, मंग माह्या दुकानात कोन येते, माश्या?

एक दिवस रेखा उभी राह्यली. रेखा म्हंजे त्या अकरातली सगळ्यात हुशार, नवरा ट्रॅक्टरवर डायवर, पोरगी चौथीत. तिनं इचारलं, काका, वेढे किती पाडाचे हे कसं समजते? जुनी कॉइल कापून मोजाचे का? खरं उत्तर होतं हो. जुनी कॉइल कापाची, तारी मोजाच्या, एकदा नाई दोनदा, हेच खरं. पन मले मोठेपना दाखवाचा होता. मी म्हनलं मोजत बसाची काही गरज नाई, माही डायरी हाय, तीस वर्साची. आन मी डायरी काढून फळ्यावर आकडे लिवले. जसे लिवेल होते तसेच. तीनच्या, म्हंजे तीन हॉर्सपॉवरच्या, मोटरले सदोतीस.

तुमाले वाटन इसरलो असन. नाई. खडू हातात होता तवा पाचचा आकडा माह्या डोक्यात ठनठन वाजून राह्यला होता. एका बाईनं मोबाइल काढला फोटो घ्याले, तर मी म्हनलं फोटो नको, हातानं लिवा, म्हंजे डोक्यात बसते. आन मनाले सांगतलं का वस्ताद एक डाव राखूनच ठेवते, ही तर रीत हाय, उस्तादनंही हेच केलं, मी सांगन ना, शेवटच्या दिवशी सांगन. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या घडीले मी हे सगळं खरं मानलं. मानूस सोताले जेवढं फसवते तेवढं उस्तादलेही फसवत नाई.

आता रेखाच्या घरचं. तिची सासू गोदाबाई, तोंडानं तिखट, पन मानूस खरी. तिनं सुनेले वर्गात येऊ देलं ते एका अटीवर. म्हने, आधी घरच्या इहिरीवरची मोटर भरून दाखव, चालली तर पुढं शिक, दुकान टाक, काही कर, नाई चालली तर हे मोटर-फिटरचं सोंग बंद, माह्यासंग निंदाले चाल. तीनची मोटर होती, जळेल पडली होती, जुनी तार तिच्या नवऱ्यानं आधीच काढून भंगारात देली होती. म्हंजे मोजाले काही उरलंच नव्हतं. रेखानं वहीत पाह्यलं, सदोतीस पाडले, एकटीनं भरली. तिनं मले बोलावलं होतं, काका पाह्याले या. मी गेलो नाई. मले मालूम होतं ना काय भरलं असन.

मोटर चालू झाली तवा गल्लीतले लोक गेल्ते पाह्याले. पानी असं आलं का नळीच उडून राह्यली म्हने. गोदाबाईनं गूळ वाटला. तोच गूळ माह्याही दुकानात आला, पोरगीच्या हातानं धाडला होता रेखानं. मी तो तोंडात टाकला. आठ दिवस मी रोज सकाळी म्हनो, आज जाऊन सांगतो, बाई मोटर बंद कर, पाच वेढे कमी हायेत. आन रोज काही ना काही काम निघे. काम काय, कामाले काय तोटा हाय.

नवव्या दिवशी जळली. गहू अगदी दुधावर, पान्याची तवाच गरज. शेजारच्याले हात जोडून नळी टाकून पानी घेतलं, पन ते किती पुरन, अर्ध्या गव्हाचा दाना बारीक पडला. लोकं बोलाले काय, लोकाइले तोंड हाय. म्हने बाईच्या हातची मोटर ते, टिकन काय. गोदाबाई ओट्यावर उभी राहून बोलली, सगळ्या गल्लीनं ऐकलं. रेखा वर्गात याची बंद झाली.

आन ती मोटर भराले कोनाकडं आली? माह्याकडंच. मीच भरली ताई, बेचाळीस पाडून. बसवाले गेलो, सुरू केली, सन्नाट चालली. गोदाबाई म्हने, मिस्त्रीचा हात तो मिस्त्रीचा हात. आन मी हासलो. अजून आठवते तवा सोताच्याच तोंडात मारून घ्यावं वाटते. रेखा दाराच्या मागं उभी होती. लोक गेल्यावर वही घेऊन आली, हळूच म्हने, काका, मी फळ्यावरचा आकडा उतरवताना चुकली असन का?

मी म्हनलं, असन बाई.

दोन शब्द हायेत ते. सगळ्या आयुष्यात मी लोकाइले शिव्या देल्या, बायकोले टाकून बोललो, दारूही पेलो काही वर्सं, पन त्या दोन शब्दाएवढं हलकं काम मी कधी केलं नाई. ती हो म्हनली, मान खाली घातली, वही पदरात घेऊन आत गेली.  मले उलटं बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी आलो तर बायको म्हने, काऊन हो, तोंड काऊन उतरलं, जेवसान नाई का? मी म्हनलं डोकं दुखते. ती म्हने, डोकं दुखनाऱ्याचं तोंड असं नसते. पन पुढं इचारलं नाई तिनं. बाईमानसाले बरोबर कळते कुठी थांबाचं.

मंग विद्यापीठाचा वर्साचा कार्यक्रम आला. मॅडमनं मले समोर बोलावलं, शाल घातली, आन सगळ्याइपुढं म्हनल्या, आपल्यातले कारागीर हुनर लपवून ठेवतात, पन वसंता भाऊनं आपली तीस वर्साची डायरी फळ्यावर मोकळी केली, यानं काहीच राखून ठेवलं नाई. टाळ्या वाजल्या. लई वाजल्या. दरीवर दहा बाया बसेल होत्या आन अकराव्या जागेवर कोनीच नव्हतं, आन मी तेच पाहून राह्यलो. मेल्याहून मेल्यासारखं म्हनतात ना, ते मले त्या दिवशी समजलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच रेखाच्या घरी गेलो, डायरी काखेत घेऊन. गोदाबाई गहू निवडून राह्यली होती, तोच बारीक गहू. मी उभ्यानंच सगळं सांगतलं. उस्ताद, चाबी, पाच वेढे, असन बाई, सगळं. रेखा चुलीपाशी होती, ती उठून आली, पदराले हात पुसले, डायरी घेतली, पानं उलटवली आन मले एकच इचारलं, पाच सगळ्याच पानावर का? मी म्हनलं हाव. ती म्हने बरं. रागानं नाई, ओरडून नाई. सोताच्या कामाचं तेवढं इचारून घेतलं.

गोदाबाईनं सूप बाजूले ठेवलं. मले वाटलं आता सूपच डोक्यात घालते. पन ती म्हने, मिस्त्री, मी हिले गल्लीपुढं अपशकुनी म्हनली. महिनाभर बोलली. हिच्या मेल्या मायलेही काढलं मी. तुमी डायरीत पाच घालून दुरुस्त करसान, मी ते बोलनं आता वापस कसं घेऊ? आन रडाले लागली. सत्तरीची बाई, तोंडाची अशी कडक, ते सुनेच्या हाताले धरून रडली. मी तथीच उभा. मले कोनी बस म्हनलं नाई, आन जा बी म्हनलं नाई.

तुमी म्हनसान, चला, मानसानं कबूल केलं, सुटला. कायचा सुटला! घरात कबूल केलं, गावात नाई. पुढच्या वर्गात रेखा आली, सासू सोता सोडाले आल्ती. मी फळा पुसला, नवे आकडे लिवले, आन म्हनलं, डायरी जुनी होती, आकडे सुधारून घ्या. जुनी होती! रेखानं मान वर करून मले एकदा पाह्यलं आन लिवाले लागली. ती एका शब्दानं बोलली असती तर दहा बायाइपुढं माही चामडी निघाली असती. नाई बोलली. आजपर्यंत कोनालेच बोलली नाई.

आता तिचं दुकान हाय, बाजाराच्या रस्त्याले, पत्र्याचं. बारा गावच्या मोटरी येतात तिच्याकडं. माह्या हाताले आता कंप हाय, खाचीत तार बसत नाई, तर माही गिऱ्हाइकंही मी तिच्याचकडं लावतो. गोदाबाई दुकानापुढं खुर्ची टाकून बसते आन येनाऱ्या जानाऱ्याले सांगते, माह्या सुनेनं भरेल हाय, चालनारच. आन विद्यापीठात मोटरचा वर्ग आता रेखाच घेते. मी जातो. मागं, खिडकीपाशी बसतो. मॅडम म्हनतात गुरू चेलीचं शिकवनं ऐकाले येते, पाहा कसं प्रेम हाय. मॅडमलेही मी सांगतलं नाई अजून.

तिचा पयला धडा मालूम हाय कोनता? भंगारातली कॉइल घेते, छन्नीनं कापते, आन सगळ्याइच्या हातात देते. म्हनते मोजा. मोजून झालं का म्हनते पुन्हा मोजा. म्हनते कोनाचा आकडा घ्याचा नाई, डायरीचा नाई, फळ्याचा नाई, माहा बी नाई, सोताच्या बोटानं मोजाचे. मले ती काका म्हनते, चा देते, दिवाळीले फराळ धाडते, पन मी एखाद्या मोटरीचा आकडा सांगतला ना, तर हो काका म्हनते आन मंग कॉइल कापून मोजते. दर वक्ती मोजते. बरोबरच हाय तिचं.

परवाच्या वर्गात एका नव्या पोरीनं हासत हासत रेखाले इचारलं, मॅडम, तुमची पयली मोटर जळली होती म्हने? सगळ्या हासल्या. रेखाही हासली. म्हने हो, जळली होती, मी न मोजता भरली होती, चुकी माहीच. तिनं माह्याकडं पाह्यलंही नाई. मी उठाले गेलो. आईशपथ गेलो, खिडकीचा गज धरला, अर्धा उठलो. आन खाली बसलो. साठी उलटून गेली ताई माही, आन गावात इज्जत हाय ना, तिचं वजन लई असते, उठू देत नाई.

म्हून तुमी आल्या ते बरं झालं. मॅडमनं तुमाले धाडलं ते माही वाहवा लिवून घ्याले, मले ठाऊक हाय. तुमी हेच लिवा. नाव बदलू नका, गाव बदलू नका. उस्ताद तर गेला, त्याले मी वरती काय तोंड दाखवू ते माहं मी पाह्यन. रेखाले काय आशीर्वाद देऊ, माह्या आशीर्वादालेही ती मोजूनच घेईन, पन देतो, तिच्या हाताले यश राहो, तिच्या पोरीच्याही हाताले राहो. आन लिवून झालं का वर्गात मोठ्यानं वाचा, तिच्यापुढं, त्या नव्या पोरीपुढं, गोदाबाईले बोलावून. मी बसेल असन खिडकीपाशी. त्या दिवशी गज धरून पूर्ण उठतो का नाई, ते तुमी सोताच्या डोळ्यानं पाहा, माह्या बोलन्यावर जाऊ नका. आन शेवटी एवढं लिवा, रेखानं बरोबर उतरवलं होतं, तिच्या वहीत चूक नव्हती. तीनच्या मोटरले वेढे बेचाळीस.